वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी : सोलापुरातल्या नवख्यांसाठी

वस्तऱ्याने दाढी शिकायची म्हटलं की पहिली भीती कापण्याची वाटते. कापतं, नाही असं नाही. पण नवखा माणूस वस्तरा कपाटात टाकून देतो तो सहसा रक्तामुळे नाही. दाढी नीट निघत नाही, केस ओढले जातात, दिवसभर गाल जळतो, म्हणून टाकतो. आणि त्याचं कारण बहुतेक वेळा हातात नसतं. ते वस्तरा ओढायच्या चामड्याच्या पट्ट्यात असतं, नाहीतर पाण्यात. सोलापुरात तर पाण्यातच जास्त. म्हणून इथे प्रत्यक्ष दाढीच्या आधीच्या कामांना बरीच जागा दिली आहे. ती वाचायचा कंटाळा आला तर वस्तरा न घेतलेलाच बरा.

कोणता वस्तरा

आपल्या सलूनमध्ये आज जो दिसतो, तो पात्याच्या जागी अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा. कारागीर आपल्यासमोर ब्लेडचा कागद काढतो, ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं अडकवतो आणि दाढी झाली की फेकून देतो. एड्स आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरतात हे लोकांना कळल्यावर ही पद्धत घरोघरच्या माहितीची झाली, आणि सलूनसाठी तीच योग्य आहे. घरी मात्र वस्तरा एकट्याचा असतो, त्यामुळे तिथे खरा, पोलादी पात्याचा, धार लावून वर्षानुवर्षं वापरायचा वस्तरा चालतो.

शिकायला कोणता घ्यावा यावर दोन मतं आहेत. अर्ध्या ब्लेडचा शंभर-दोनशे रुपयांत येतो, धारेची कटकट नाही. हा प्रकार आपल्याला झेपतो का एवढंच बघायचं असेल तर तो घ्या. पण तो हाताला सोपा असतो हा गैरसमज आहे. नवं ब्लेड फार तीक्ष्ण असतं, वस्तरा हलका असल्याने हात नकळत दाब देतो, आणि ब्लेडचे कोपरे उघडे असतात. पोलादी वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं, ते काम करतं. माझं मत विचाराल तर शिकायचंच असेल तर पोलादीवर शिका.

पोलादी घेताना पात्याची रुंदी बघा. ती इंचाच्या आठव्या भागात मोजतात. ५/८ किंवा ६/८, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटर, नवख्याला बरी. त्याहून अरुंद पातं चटकन आडवंतिडवं फिरतं, त्याहून रुंद नाकाखाली शिरत नाही. टोक गोल हवं. चौकोनी टोकाचा वस्तरा दिसायला देखणा, पण त्याचा कोपरा कानाच्या पाळीला कधी लागला ते रक्त आल्यावरच कळतं. पोलाद साधं असो की स्टेनलेस, दाढीत मोठा फरक नाही. साध्याला धार लवकर लागते आणि गंजही लवकर लागतो.

जर्मनीतलं झोलिंगेन, इंग्लंडमधलं शेफील्ड आणि फ्रान्समधलं तिएर ही या कामातली जुनी नावाजलेली गावं. झोलिंगेनचा नवा वस्तरा काही हजारांच्या खाली येत नाही. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत जो 'अस्सल वस्तरा' मिळतो, पात्यावर नक्षी, मुठीवर वाघ, त्याला बहुतेक वेळा दाढी करण्याजोगी धार नसते आणि लावली तरी टिकत नाही. तो शोकेसमध्ये ठेवायचा. विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: दाढीला तयार धार लावून देता का? कारखान्यातून आलेली धार बऱ्याचदा पुरेशी नसते.

घरात आजोबांचा वस्तरा ट्रंकेत पडला असेल तर आधी तो बघा. उजेडात धरून धार डोळ्यांसमोर आणा. चांगल्या धारेवर प्रकाश चमकत नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे धार मेलेली आहे किंवा तुकडा उडालाय. पात्याच्या पाठीवरचा गंज घासून जातो. धारेलगत काळे खड्डे असतील तर ते आत शिरलेले असतात, तो वस्तरा आठवण म्हणून ठेवा. पात्याला केसाएवढी जरी चीर असली तरी वापरू नका.

एक मात्र कळकळीने सांगतो. गल्लीत चाक घेऊन सुरी-कात्रीला धार लावणारे येतात, त्यांच्याकडे वस्तरा देऊ नका. त्यांचं काम वाईट असतं असं नाही, सुरीला ते उत्तमच. पण फिरत्या चाकावर वस्तऱ्याचं पातळ पातं तापतं, पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा टणकपणा जातो, आणि धारेचा कोनही जातो. गेलेला परत येत नाही.

पट्टा आणि नवार

वस्तरा दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर ओढावा लागतो. याने नवी धार लागत नाही. असलेली धार सरळ आणि गुळगुळीत होते. पातं इतकं पातळ असतं की एका दाढीतही त्याची कड सूक्ष्म प्रमाणात वाकते.

तयार पट्टा महाग मिळतो आणि पहिल्या महिन्यात तुम्ही त्याला वस्तऱ्याने चिरा पाडणार, हे धरूनच चाला. त्यामुळे पहिला पट्टा साधा करून घ्या. चप्पल-बॅगांचं काम करणाऱ्या कारागिराकडून दोन-अडीच इंच रुंद आणि दीड-दोन फूट लांब अशी सलग चामड्याची पट्टी कापून घ्यायची. वरून रंगाचा किंवा प्लास्टिकसारखा चकचकीत थर नको, ठसे नकोत. एका टोकाला कडी बसवून घ्या. बोट फिरवलं की मऊ आणि किंचित अडखळतं असं लागलं पाहिजे.

चामड्याच्या आधी कापडावर ओढायचं असतं, त्याला परदेशी पट्ट्यांत लिननची पट्टी जोडलेली असते. आपल्याकडे त्यासाठी पलंगाची सुती नवार अगदी नेमकी बसते. रुंदीही तीच. फक्त नवार सुतीच बघून घ्या, हल्ली बरीचशी नायलॉनची येते. एक धागा काढून जाळला की कळतं. सूत जळून राख होतं, नायलॉन वितळून गोळा होतो. नवार गरम पाण्यात धुऊन खळ काढा, ताणून वाळवा.

कडी खिडकीच्या गजाला अडकवा, दुसरं टोक डाव्या हाताने ताणून धरा. पट्टा मधे लोंबला तर धार गोल होते, हे सगळ्यात जास्त वेळा होणारं नुकसान आहे. वस्तरा पट्ट्यावर सपाट ठेवा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. आता पाठ पुढे, धार मागे, असा ओढा. शेवटाला पोहोचलात की पातं पाठीवरच उलटवा, धार वर आकाशाकडून फिरवून पलीकडे, आणि परत उलट दिशेने. पाठ पट्ट्यावरून कधीच उचलायची नाही. नवारीवर वीसेक फेऱ्या, चामड्यावर चाळीस-पन्नास. दाब शून्य. वेग नको, सलूनमधला जुना कारागीर फटाफटा मारतो ते बघून हात शिवशिवतो, पण त्याचा हात आयुष्यभराचा आहे. पहिले काही दिवस ताटातली बोथट सुरी घेऊन नुसतं उलटवणं शिका. मनगट न वळवता, बोटांत दांडी फिरवून उलटवायचं जमलं की मग वस्तरा.

सोलापूरचं पाणी

आता खरी गोष्ट. आपल्याकडे नळाला उजनीचं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे साठवलेलं पाणी, आणि ते संपलं की बोअरचं. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. ओळखायचं सोपं आहे: बादलीच्या काठाला पांढरी कड, नळाच्या तोटीवर खरखरीत थर, आणि साबण लावला की फेसाऐवजी दह्याच्या कण्यांसारखा साका.

हा साका म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने साबणाशी केलेला संयोग. साबण त्यात खर्च होतो, फेसाला उरत नाही. साध्या कार्ट्रिज रेझरने दाढी करताना हे खपून जातं. वस्तऱ्याला खपत नाही, कारण त्याला ना जाळी ना बुळबुळीत पट्टी. पातं आणि कातडी यांच्यामध्ये फक्त फेस. तो कोरडा पडला की वस्तरा ओढतो, आणि आपण म्हणतो धार नाही.

उपाय महागडा नाही. फेसापुरतं अर्धा लिटर पाणी फिल्टरचं किंवा जारचं घ्या. चेहरा कुठल्याही पाण्याने धुवा, पण ब्रश भिजवायला आणि फेस काढायला तेच चांगलं पाणी. फिल्टर नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळून निवू द्या, खाली बसलेला गाळ न हलवता वरचं ओतून घ्या. उकळल्याने काही क्षार खाली बसतात, सगळे नाही, तरी फरक पडतो. बोअरचं पाणी आणि जारचं पाणी यांत तोच साबण एकदा शेजारी-शेजारी दोन वाट्यांत फेसून बघा. पुढे मला काही सांगावं लागणार नाही.

फेस ब्रशनेच काढा. डब्यातला फवाऱ्याचा फेस दिसायला भरपूर, पण त्यात बरीचशी हवाच असते. ब्रश कोमट पाण्यात दोन मिनिटं भिजवून झटका, साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट फिरवा, मग स्टीलच्या वाटीत थेंब थेंब पाणी घालत घोळा. नवखे पाणी फार कमी घालतात. कोरडा, फुगीर, कापसासारखा फेस चुकीचा. हवा असतो तो ओला, चकाकणारा. दोन बोटांत घेऊन चोळला तर बोटं सरकन घसरली पाहिजेत.

पंखा बंद करा. एप्रिल-मेमध्ये तर हे विसरूच नका, कारण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस पापड होतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर करा आणि एका वेळी एकाच बाजूला फेस लावा.

फेसाआधी केस मऊ करायचे. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर अर्धं काम झालेलं असतं. नाहीतर टॉवेल गरम पाण्यात बुडवून, पिळून, दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. सोलापुरी टेरी टॉवेल घरात असणारच. मात्र नवाकोरा घेऊ नका, चारपाच धुण्यांनंतर तो पाणी धरायला लागतो.

पहिली दाढी

दोन दिवसांची वाढ शिकायला सगळ्यात चांगली. रोजची फार बारीक, आठवड्याची फार दाट. श्रावण पाळणाऱ्यांनी तो संपल्यावर वाढलेली दाढी आधी कात्रीने किंवा ट्रिमरने उतरवावी, मग वस्तरा.

दार लावून घ्या, मोबाइल बाहेर ठेवा, घरात लहान मुलं असतील तर सांगून ठेवा. वस्तरा हातातून निसटला तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचे. हे आत्ताच मनाशी दोनचार वेळा घोका, कारण हात आपोआप पुढे जातो.

वस्तरा उघडा. पात्याच्या मागे जी दांडी असते तिच्या खालून अंगठा, वरून तीन बोटं, आणि मागच्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. मूठ वर उभी राहते. पकड लेखणीइतकी सैल. पातं गालावर आधी सपाट टेकवा, मग पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या दीड-दोन पट उचला. हा कोन साधारण ३० अंशांचा होतो. याहून कमी ठेवला तर वस्तरा केसांवरून घसरतो आणि ओढतो, जास्त ठेवला तर खरवडतो.

पहिल्या दिवशी फक्त उजवा गाल (डावखुऱ्यांनी डावा). कल्ल्याच्या खालून जबड्याच्या हाडापर्यंत, केसांच्या वाढीच्या दिशेने, म्हणजे वरून खाली. दुसऱ्या हाताची बोटं कल्ल्याच्या वर ठेवून कातडी वर ताणा. ताणलेली कातडी कापत नाही, सैल कापते. वस्तऱ्याच्या दाढीत निम्मं काम या दुसऱ्या हाताचं असतं. फेसाने बोटं घसरत असतील तर त्यांवर ओली तुरटी फिरवा, पकड लगेच येते.

एका वेळी इंचभर ओढायचं, उचलायचं, पुन्हा. चांगल्या धारेचा बारीक करकर आवाज येतो. आवाज नसेल आणि ओढ जाणवत असेल तर थांबा, वस्तरा पुन्हा पट्ट्यावर न्या. दाब वाढवून काहीही सुटत नाही. आणि एक कधीच करायचं नाही: पातं धारेच्या लांबीच्या दिशेने आडवं सरकवायचं नाही. वस्तरा ओढताना कापत नाही एवढा सरकताना कापतो.

गाल झाला की उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने उरकून घ्या. असं आठवडाभर. मग दुसरा गाल. तिथे दोन मार्ग: दुसऱ्या हाताने वस्तरा धरायला शिकणे, नाहीतर उजव्याच हाताने चेहऱ्यावरून पलीकडे पोहोचणे. दुसरा मार्ग बहुतेकांना सोपा वाटतो, पण मूठ डोळ्यांसमोर येते आणि आरशात काही दिसत नाही. सुरुवातीला जड गेलं तरी डावा हात शिकवलेला पुढे उपयोगी पडतो.

गळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. गळ्यावरचे केस सरळ खाली वाढत नाहीत. कुणाचे तिरके, कुणाचे खालून वर, कुणाला भोवरा. दाढी वाढलेली असताना तळहात चारी दिशांनी फिरवून बघा, ज्या दिशेला गुळगुळीत लागतं तीच केसांची दिशा. कंठावर पातं थेट चालवायचं नाही. तिथली कातडी बोटांनी बाजूला ओढून सपाट जागेवर आणायची, मग दोन छोटे हात. हे वाचून कळणाऱ्यातलं नाही. ओळखीच्या सलूनमध्ये एखाद्या वयस्क कारागिराला गर्दी नसताना, म्हणजे रविवार सकाळ सोडून, "मामा, गळ्याला कातडी कशी ताणता, जरा दाखवा की" म्हणून बघा. दाढी करता करता दाखवतील, पैसे दाढीचेच द्यायचे.

हनुवटी सगळ्यात शेवटी. तिथे केस राठ, जागा गोल, आणि पात्याला टेकायला सपाट काही नाही. खालचा ओठ दातांवर घट्ट ओढून हनुवटी सपाट करा आणि अर्ध्या इंचाहून लांब हात मारू नका. मिशी ठेवणाऱ्यांना वरच्या ओठाचा प्रश्न येत नाही, फक्त कड सरळ करताना टोक वापरायचं.

उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, तीन महिने विसरा. ऑफिसला जायला सुलट्या हाताची दाढी पुरते. कुरळ्या केसांच्या माणसाने गळ्यावर उलटा हात न मारलेलाच बरा, केस आत वळून पुटकुळ्या येतात.

दाढीनंतर

चेहरा गार पाण्याने धुवा, ओली तुरटी सगळीकडे फिरवा, मिनिटभराने धुऊन टाका. तुरटी बारीक रक्त थांबवते आणि शिवाय आपलं काम तपासते: जिथे चरचरलं तिथे कोन किंवा दाब चुकला. पुढच्या वेळी त्या जागेवर लक्ष.

खोल कापलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. थांबत नसेल तर दवाखाना, धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारून घ्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी, हात थरथरणाऱ्यांनी आणि चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असणाऱ्यांनी हा नाद करू नये. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वस्तरा एकाचाच. भाऊ असो की मित्र, उसना द्यायचा नाही.

वस्तऱ्याचं पातं लगेच धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. मुठीच्या आत पाणी जाऊ देऊ नका, गंज खिळ्यापासून सुरू होतो. पुसून झाल्यावर नवारीवर आठदहा फेऱ्या, म्हणजे धारेवरची ओल जाते. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पात्यावर. खोबरेल वापरू नका, ते थंडीत थिजतं आणि चिकट होतं. वस्तरा बाथरूममध्ये ठेवायचा नाही, कपाटात उंचावर ठेवायचा.

रोज पट्टा मारूनही काही महिन्यांनी ओढ लागायला लागते. तेव्हा दगड लागतो. दगडांची बारीकाई आकड्यांत असते. बोथट वस्तरा १००० पासून सुरू करून ३०००-४०००, ८००० आणि १२००० पर्यंत नेतात. चांगला ठेवलेला वस्तरा नुसत्या १२००० वर काही फेऱ्यांत परत येतो. यातही पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या ठेवतात, म्हणून कोन आपोआप बरोबर राहतो. फक्त पट्ट्याच्या उलट, इथे धार पुढे. पहिल्या वर्षी दगडांवर पैसे घालू नका. जिथून वस्तरा घेतला तिथेच धारेला पाठवा, आणि तो परत येईपर्यंत नेहमीचा रेझर आहेच.